तळ्यावरची बैठक

अकरावा मासा उताणा होऊन वर आला तेव्हा जोतीरामानं न्याहारी टाकली, चपला घातल्या आणि मंद्रूपच्या थांब्यावर जाऊन सोलापूरच्या एस.टी.च्या कंडक्टरकडं थोरल्या भावासाठी, कुंडलिकासाठी, सांगावा दिला. "म्हणावं, तळ्यात कुणीतरी विष कालवलंय. रविवारी समद्यांनी बसायचंय. वैनीलाबी आणा."

रविवार उजाडला. नवरात्र सरून चार दिवस झाले होते. लिंबाखाली दोन घोंगड्या अंथरून जोतीरामाची बायको सारजाबाई तळ्यावर घागर विसळायला गेली, तेव्हा पायरीच्या खबदाडीत तिला ती दिसली. पांढरी, गोल, अर्धी विरघळलेली गोळी.

सारजाबाई तिथंच बसली. ही गोळी ती ओळखत होती. गेले आठ महिने रोज सकाळी भाकरीच्या आधी अशा दोन गोळ्या आणि तांब्याभर पाणी ती मथुराआत्यांच्या हातात देत होती. मथुराबाई म्हणजे तिच्या नवऱ्याची आत्या. दोन भावांची आई लवकर गेली, तेव्हा या पोरक्या पोरांसाठी सासरचं नांदणं मोडून माघारी आलेली बाई. गेल्या शिमग्याला तिला खोकल्यातून रक्त पडलं आणि शहरातल्या दवाखान्यानं सांगितलं, क्षय आहे. दीड वर्ष गोळ्या. चुकवायच्या नाहीत. डॉक्टरनं गोळ्यांची पिशवी दिली ती कुंडलिकाच्या हातात नाही, जोतीरामाच्या हातात नाही, सारजाबाईच्या हातात. "बाई, ही जबाबदारी तुमची," असं म्हणून दिली. तेव्हापासून ती रोज विचारायची, "आत्याबाई, घेतल्या का?" आणि मथुराबाई रोज म्हणायच्या, "घेतल्या की."

सारजाबाईनं ती गोळी उचलली, कनवटीला खोचली आणि घागर न विसळताच घरी आली.

दहाच्या गाडीनं कुंडलिक आणि त्याची बायको केराबाई उतरली. कुंडलिक भवानी पेठेत राहायचा, मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, होता आणि खेड्यात पाय ठेवला की त्याची छाती दोन बोटं पुढं यायची. त्यानं आधी तळ्याला चक्कर मारली. दुष्काळात सरकारनं रस्त्यासाठी मुरूम काढून नेला, मागं मोठा खड्डा राहिला, पुढच्या पावसात तो भरला आणि जोतीरामानं त्यात मासे सोडले, असा त्या तळ्याचा जन्म. काठावर एक खांब होता आणि खांबावर दोनशे वॅटचा बल्ब. भर दिवसाढवळ्या तो जळत होता. कुंडलिकानं त्याच्याकडं मान वर करून कौतुकानं बघितलं, कारण तो त्यानंच आणून लावला होता.

"चोरांचं काम न्हाई हे," कुंडलिक बैठकीवर येऊन म्हणाला. "एवढ्या उजेडात चोर येतोय कशाला? आमच्या पेठेतल्या चौकातसुद्धा असा दिवा नाही. हे घरातलंच कुणीतरी आहे."

"घरात मोठी माणसं आमी तिघं," जोतीराम म्हणाला. "मी, ही, आन आत्या."

केराबाईनं पदर सारखा केला. तिला बोलायचं नसलं की ती पदर सारखा करायची, आणि बोलायचं असलं की आधी पदर सारखा करायची. "मी काय म्हणते, कुणी मुद्दाम केलंय असं न्हाई. पण माशाला पेंड कोण टाकतं? पेंडीला बुरशी आली असंल. काही बायकांना वास कळत न्हाई."

"पेंड मी टाकते," सारजाबाई म्हणाली. "आन वास मला चांगला कळतो, जाऊबाई."

जोतीरामानं बायकोकडं बघितलं. त्या बघण्यात जरा संशय होता आणि सारजाबाईला तो पेंडीच्या वासापेक्षा आधी कळला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. चार गावचे लोक काय म्हणतील ते हा माणूस कानाआड करायचा, पण भावजय काही बोलली की त्याचं डोकं हलायचं.

"पोरीला काय बोलू नगासा," मथुराबाई भिंतीला टेकून बसल्या जागेवरून म्हणाल्या. "माशाचं समदं ती बघते. पेंड मी सोता हुंगलीया. चांगली हाय."

"आत्या, तू आजारी माणूस, तू कशाला हुंगतीस?" कुंडलिक म्हणाला.

"मी काय आजारी न्हाय. मी बरी झाले कवाच."

हे म्हणताना मथुराबाईंना ढास लागली. तोंडावर पदर धरून त्यांनी ती आतल्या आत दाबली. सारजाबाईचा हात आपोआप कनवटीवर गेला. सांगावं तर आत्याबाईंच्या डोक्यावर अकरा मासे बसणार. न सांगावं तर ते आपल्या डोक्यावर बसलेलेच आहेत. आणि ती ढास? ती कुणाच्या डोक्यावर?

एवढ्यात बांधावरून सायकल आली. सायकलीवर एक चाळिशीचा शिडशिडीत माणूस, पायजम्याला चिमटे, खांद्यावर खाकी पिशवी. त्यानं सायकल लिंबाला टेकवली आणि पिशवीतून कागद काढला.

जोतीराम टुणकन उभा राहिला. मच्छी खात्याला त्यानं तीन पत्रं पाठवली होती. "आलं का सायेब! खात्याकडनं न्हवं?"

"हो, खात्याकडूनच," तो माणूस म्हणाला. मग त्यानं बसलेल्या सगळ्यांकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "चारचौघांत बोललेलं चालेल ना? काही घरांत आवडत नाही. म्हणाल तर बाजूला बसू."

"चारचौघं कुटली, समदी घरचीच हायती. बसा. बोला."

सारजाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तेव्हा तिला दिसलं की मथुराबाईंनी त्या खाकी पिशवीकडं एकदा बघितलं आणि पदर थेट नाकापर्यंत ओढून घेतला.

"बरं," तो माणूस म्हणाला. "सुरुवात करून किती महिने झाले?"

"गेल्या साली आषाढात केली. पंधरा म्हयनं झालं."

त्यानं कागद बघितला. "माझ्याकडं आठ लिहिलंय."

"खात्याचं लिहिणं!" कुंडलिक हसला. "आमच्या मिलमध्येबी असंच."

"असेल. खाणंपिणं कसं आहे?"

"खाणं तुटलंय सायेब. धा-धा मिंटं हाका मारल्यावानी उभं ऱ्हावं, पर येत न्हाईत. पेंड टाकली तर त्वांड फिरवत्यात."

"काय टाकलं तर?"

"पेंड. शेंगंची. आन भाताचा कोंडा."

त्या माणसाच्या हातातला पेन थांबला. आजारी माणसाला वेगळं ताट देणारी घरं त्यानं पाहिली होती, गोठ्यात खाट टाकणारी पाहिली होती. पेंड चारणारं घर हे पहिलंच.

"दूध? अंडी? काहीच देत नाही?" त्यानं जरा कडक आवाजात विचारलं.

जोतीराम भावाकडं वळला. "अंडीबी घालायची असत्यात व्हय? हे कुणी सांगितलंच न्हाई." मग पुन्हा त्या माणसाला म्हणाला, "सायेब, अंडी घालू. पर वजन वाढंल का?"

"आत्ता किती आहे?"

"पाव किलोच्या वर जाईना."

त्या माणसानं पेन खिशाला लावला. "पाटील, मी बारा मैल सायकल मारून आलोय. चेष्टा करायची असेल तर तसं सांगा."

"चेष्टा कशी करीन? समदं धुळीला मिळाय आलंय! दिसभर तळाला जाऊन पडून ऱ्हात्यात. परवा एकाला हात लावला तर उसळी मारून बाहेर पडला आन ग्येला."

"कोण गेला?"

"अकरा गेलं!"

"अकरा?" तो माणूस उभाच राहिला. "या एका घरात अकरा? आणि तुम्ही कळवलं नाही? अहो, सगळ्यांची थुंकी तपासावी लागेल!"

जोतीराम भावाकडं बघायला लागला.

"थुंकी?" जोतीराम हळूच म्हणाला. "माशाची?"

"मथुराबाईंची!" तो माणूस म्हणाला.

केराबाई पदरात तोंड खुपसून हसायला लागली. कुंडलिकाला हसावं की रागवावं कळेना, म्हणून तो खोकला, आणि खोकल्यावर घाबरून गप्प बसला. थोडा उलगडा झाला. हा माणूस मच्छी खात्याचा नव्हता, आरोग्य खात्याचा होता. नाव रावजी. क्षयाच्या रोग्यांना घरी जाऊन भेटायचं, हे त्याचं काम.

पण पुढं तो जे बोलला त्यानं सगळ्यांचं हसणं जागच्या जागी सुकलं. "पितृपंधरवड्यात यांची थुंकी तपासली. तिच्यात पुन्हा जंतू दिसलेत. पाचव्या महिन्यात एकही नव्हता. मला एवढंच विचारायचंय, गोळ्या रोज पोटात जातात का?"

चार जोडी डोळे एकदमच सारजाबाईकडं वळले.

"गोळ्या आणतो मी," कुंडलिक म्हणाला. "दर महिन्याला न चुकता. देती ही."

"मला आधीच वाटलं हुतं," केराबाई म्हणाली. "जिला पेंड सांभाळता येईना..."

"सारजे," जोतीराम म्हणाला, "देत हुतीस न्हवं?"

सारजाबाईचा हात पुन्हा कनवटीवर गेला. कनवटीला हात घालायचा, गोळी काढायची आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवायची, की झालं. तिनं मथुराबाईंकडं बघितलं. म्हातारीचे डोळे पदराच्या काठावरून तिच्या कनवटीवरच्या हाताकडंच लागले होते. या बाईनं सारजाबाईची दोन बाळंतपणं केली होती आणि दुसरं मूल गेलं तेव्हा तीन दिवस तिच्या उशाशी बसून राहिली होती. सारजाबाईचा हात कनवटीवरून खाली आला.

"देत हुते," ती एवढंच म्हणाली.

"तिला बोलू नगा." मथुराबाईंनी पदर खाली केला. "ती देत हुती. म्याच खाल्ल्या न्हाईत. नागपंचमीपास्नं."

"मग केल्या काय त्या?" रावजीनं विचारलं.

"माशास्नी घातल्या."

कुणीच काही बोललं नाही. मथुराबाईंना वाटलं, ऐकू गेलं नसावं. त्या जरा मोठ्यानं म्हणाल्या, "पिठाच्या गोळीत घालून, रोज सकाळी दोन. पुरत न्हवत्या, पर आळीपाळीनं."

"का पर, आत्या?" जोतीरामाचा आवाज फुटला.

"का म्हंजे? शिमग्याला मी काय हुते? नुसती हाडं. ह्या गोळ्या खाल्ल्या, भूक लागली, आठ पौंड वजन वाढलं माजं. खोकला ग्येला. मी बरी झाले. तुजं मासं वाढंनात, तू रातध्याड कपाळाला हात लावून बसायचास. म्हणलं, मला आता वजन काय करायचंय? जरा माशास्नी वाढू दे. गोळी वजनाची, मग ती माझ्या पोटात ग्येली काय, माशाच्या पोटात ग्येली काय?"

रावजीनं कपाळावरचा घाम पुसला. बारा वर्षांच्या नोकरीत त्यानं गोळ्या उकिरड्यावर पाहिल्या होत्या, देवासमोर पाहिल्या होत्या, शेजारणीला उसन्या दिलेल्या पाहिल्या होत्या. त्याला राग यायला हवा होता. पण म्हातारीचा चेहरा इतका सरळ होता की राग कुठं ठेवावा कळेना.

राग जोतीरामाला आला. "म्हंजे तूच मारलीस! अकरा मासं! गोळ्यांनी!"

"जोत्या, तुज्यासाठीच घातल्या रं."

"थांबा," रावजी म्हणाला. "मी मच्छी खात्याचा नाही, पण माझा बाप भोई. भीमेवर जाळं टाकण्यात आमच्या चार पिढ्या गेल्या. मला तळं तर दाखवा."

सगळी वरात तळ्यावर गेली. रावजी पायरीवर उकिडवा बसला आणि बराच वेळ पाण्याकडं बघत राहिला. सगळे मासे पलीकडच्या कडेला, बाभळीच्या सावलीत एकावर एक दाटून बसले होते. बाकी तळं मोकळं.

"गोळ्या नागपंचमीपासून. मासे खायचे कधी बंद झाले?"

"गणपती झाल्यावर," सारजाबाई म्हणाली. "तवर पेंडीवर उड्या पडायच्या. पायाच्या बोटास्नी हुंगायला यायची."

"म्हणजे महिनाभर गोळ्या खाऊनसुद्धा धड होते. एवढ्या पाण्यात दोन गोळ्या म्हणजे समुद्रात चिमूटभर मीठ. मग गणपतीत नवं काय झालं इथं?"

जोतीरामानं वर बघितलं. सारजाबाईनं वर बघितलं. केराबाईनंसुद्धा वर बघितलं. दोनशेचा बल्ब शांतपणे जळत होता. मग सगळ्यांनी सावकाश माना खाली करून कुंडलिकाकडं बघितलं.

"काय?" कुंडलिक म्हणाला. "अहो, उजेड आहे तो. विष नाही."

"रात्रभर असतो?"

"रात्रभर. म्हणून तर चोर..."

"मासा अंधारात इसावा घेतो," रावजी म्हणाला. "आम्हीबी कंदील लावून मासा बोलावतो, पण घटकाभर. महिनाभर डोक्यावर सूर्य टांगला तर तो भेदरून जातो, खाणं सोडतो. जीव दमला की मग साधा रोगही पुरतो मरायला. तुमच्या खात्याचे साहेब येतील, त्यांनाही विचारा, मी काही शिकलेला नाही यातला. पण आमचा बाप म्हणायचा, मासा डोळे मिटून घेत नाही, कारण त्याला पापणीच नसते."

"पापणीच न्हाय?" मथुराबाई पुढं आल्या. "म्हंजे म्हयनाभर ही लेकरं... टक्क डोळ्यांनी? अगं बाई! कुंडल्या, तुला कुणी तसं ठेवलं असतं तर?"

"मला कसं माहीत असणार, आत्या? मी मिलमध्ये काम करतो!"

"मी तवाच म्हणलं हुतं ह्यांना," केराबाई सारजाबाईच्या शेजारी सरकून उभी राहिली. "येवढा दिवा कशाला? पेंडीत काय खोट न्हाई, ती सारजाच्या हातची हाय."

सारजाबाई जाऊबाईकडं बघतच राहिली. तासाभरापूर्वीची बुरशी अशी एका दमात झडून गेली होती. ती चालत पाण्याच्या मोटारीच्या पेटीपाशी गेली आणि दिव्याचा खटका खाली ओढला.

परत लिंबाखाली आल्यावर रावजीनं कागद बाजूला ठेवला आणि मथुराबाईंच्या समोर मांडी घातली. "आत्या, आता तुमचं. खोकला गेला म्हणून बरी झाले म्हणालात."

"खोकला ग्येल्यावर अवषिद कशाला? भूक भागल्यावर कुणी जेवतंय का?"

"तुमच्या रानात हरळी आहे?"

"हाय की. मेली जात न्हाई."

"खुरपून काढता, रान स्वच्छ दिसतं. मग गेली का ती?"

मथुराबाई हसल्या. "कुटली जातीया! मुळी आत असती. बोटभर ऱ्हायली तरी पुन्ना रान धरती. खणून खणून, उन्हाळाभर वाळवून..." आणि बोलता बोलता त्या थांबल्या.

रावजी नुसता वाट बघत बसला.

"माज्या छातीत मुळी ऱ्हायली व्हय?" मथुराबाईंनी विचारलं. या वेळी आवाज लहान होता.

"राहिली. पाच महिन्यांत तुम्ही वरची खुरपली. वजन वाढलं ते गोळीनं नाही, रोग दबला म्हणून. आता पहिल्यापासून. आधी सुया, रोज एक, मंद्रूपच्या दवाखान्यात. त्याबरोबर गोळ्या. दीड वर्ष. मध्येच सोडल्या तर जंतू निर्ढावतात, मग याच गोळ्यांना ते हसतात."

"आन न्हाई घेतल्या तर?"

"तर तुम्ही जाल," रावजी म्हणाला. "आणि जाताना या घरातल्या कुणाला तरी देऊन जाल."

जोतीराम उठला. तो आत्यासमोर येऊन बसला. "आत्या," तो म्हणाला, "मासं ग्येलं खड्ड्यात. पुन्ना सोडता येत्यात. तू..." आणि त्यानं तिच्या पायावर डोकं ठेवलं.

"ऊठ रं, समद्यांच्या म्होरं," मथुराबाई म्हणाल्या आणि त्याच्या केसांतून हात फिरवला.

कुंडलिकाला हे पाहवेना. तो म्हणाला, आत्याला मी घेऊन जातो, शहरात दवाखाना जवळ. जोतीराम म्हणाला, ती हितंच ऱ्हाणार, तुझ्या त्या खोलीत वारा न्हाई. दोघांची तिथं जुंपली, आणि बघता बघता लहानपणी कुणाला आत्याच्या कुशीला झोपायला मिळायचं इथवर भांडण मागं गेलं. मथुराबाई शांतपणे ऐकत होत्या. मग त्या म्हणाल्या, "मी सारजीपाशी ऱ्हाणार. मी खोटं बोलले तरी तिनं मला उघडी पाडली न्हाई."

सारजाबाई उठून चहा टाकायला गेली, कारण डोळ्यांत पाणी आलेलं केराबाईला दिसायला नको होतं. चुलीत फुंकर घालताना तिनं कनवटीची गोळी काढली आणि निखाऱ्यावर टाकली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं विश्वास नावाची वस्तू घरातून हद्दपार केली. गोळी दिली की ती समोर बसायची. "गिळा. आता त्वांड उघडा. जीभ वर करा." मथुराबाई शिव्या द्यायच्या, तोंड उघडायच्या, पुन्हा शिव्या द्यायच्या. सुईला जाताना बैलगाडीत हूं की चूं करायच्या नाहीत, पण परत येताना मंद्रूपच्या दवाखान्याच्या सगळ्या पिढ्यांचा उद्धार व्हायचा. मासे तीन आठवड्यांनी पेंडीवर आले. चोर एकदा येऊन गेला, चार मासे नेले, आणि कुंडलिकानं ते ऐकून दोन महिने कुणाशी धड बोलणं केलं नाही.

दीड वर्षानं, चैत्रात, रावजी पुन्हा सायकलीवरून आला. तीनदा थुंकी तपासून झाली होती, छातीचा फोटो झाला होता. त्यानं कार्डावर शेवटची सही केली आणि म्हणाला, "आत्या, जिंकलात. मुळी गेली. आता गोळ्या बंद."

मथुराबाईंनी कार्ड हातात घेतलं, उलटं धरून नीट बघितलं आणि परत केलं. "न्हाई. मी बंद करणार न्हाई."

"अहो, तुम्ही बऱ्या झालात."

"मागं बी झाले हुते. तुमीच म्हणालासा, बरं वाटलं म्हणून सोडायच्या न्हाईत. आता तुमीच सोडा म्हणताय. खरं कंचं धरू?"

रावजीनं पुन्हा सगळं समजावलं. जोतीरामानं समजावलं. मथुराबाई हटल्या नाहीत. शेवटी रावजीनं हात जोडले आणि सारजाबाईकडं बघितलं. सारजाबाईनं गोळ्यांची रिकामी पिशवी झटकून दाखवली.

"संपल्या, आत्याबाई."

मथुराबाई त्या पिशवीकडं बघत राहिल्या. दोन वर्षांत रोज उठल्यावर पहिली गोष्ट ही होती. "मग उद्या सकाळी उठून मी खायचं काय?"

"भाकरी," सारजाबाई म्हणाली.

म्हातारीनं जरा विचार केला.

"मग कडक भाज," ती म्हणाली.